डिस्चार्ज मोजताना: प्रोब की वर्णपट?

वायूतल्या डिस्चार्जमधल्या (वायूतून वीज वाहून तयार झालेल्या प्लाझ्मामधल्या, म्हणजे आयन आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या वायूमधल्या) इलेक्ट्रॉनांचं तापमान काढायला दोन रुळलेल्या वाटा आहेत: लँगम्युर प्रोब आणि वर्णपटमापन.

प्रोब म्हणजे प्लाझ्मात खुपसलेली टंगस्टनची बारीक तार. तिचं व्होल्टेज ऋणाकडून धनाकडे नेत करंट नोंदवायचा. इलेक्ट्रॉन करंटचा लॉगॅरिदम घेतला की आलेखाचा मधला भाग सरळ रेषेत येतो. त्याच्या उतारावरून तापमान मिळतं, संपृक्त करंटवरून (व्होल्टेज आणखी वाढवूनही जो फारसा वाढत नाही) इलेक्ट्रॉनांची घनता. तेही तार आहे नेमक्या त्याच जागेचं, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र मिथेनसारखा वायू असला की तारेवर थर चढतो आणि आलेख बिघडत जातो. म्हणून मधूनमधून तिला बऱ्याच धन व्होल्टेजवर तापवून साफ करावंच लागतं. रेडिओ फ्रीक्वेन्सीच्या डिस्चार्जमध्ये फिल्टरही हवा, नाहीतर तापमान खोटंच जास्त दिसतं.

वर्णपटमापन, म्हणजे प्लाझ्माच्या उजेडातल्या ठरावीक तरंगलांबींच्या रेषा मोजणं, खिडकीबाहेरून होतं, प्लाझ्माला धक्का लागत नाही. थोडा आर्गन मिसळून ऑक्सिजनची 844.6 नॅनोमीटरची रेषा आर्गनच्या 750.4 शी ताडली, की ऑक्सिजन अणूंचं प्रमाण कसं बदलतं ते कळतं. प्रोबला हे जमत नाही. पण तापमानासाठी प्लाझ्माचं गणिती मॉडेल लागतं, आणि उजेड अख्ख्या दृष्टिरेषेवरचा एकत्र येतो.

नुसत्या आर्गनमध्ये मी प्रोबच निवडेन.