टिलामूकच्या नद्यांवरचा आमचा गाईड: चारही हंगामांचा हिशेब

सॅमनसाठी गाईड ठरवताना त्याने मागच्या आठवड्यात कोणता फोटो टाकला ते बघू नका. पाऊस पडला की तो ट्रिप रद्द करतो का, ते विचारा. आमचा हा गाईड बेलाशक रद्द करतो. मी त्याला पाचपैकी साडेचार तारे देतेय, त्यातले निम्मे तरी याचेच.

आम्ही अमेरिकेत, ओरेगनमधल्या हिल्सबरोला राहतो. हायवे ६ ने डोंगर ओलांडला की तासाभरात टिलामूक. तिथल्या खाडीला पाच नद्या मिळतात: मायामी, किल्चिस, विल्सन, ट्रास्क आणि टिलामूक. पाऊस सगळ्यांवर एकदमच पडतो, पण निवळतात मात्र वेगवेगळ्या वेळी. किल्चिस आधी निवळते. उत्तरेची नेहेलम लांबलचक, ती सगळ्यात शेवटी. आदल्या रात्री आठच्या सुमारास त्याचा मेसेज येतो: कोणती नदी, कोणता धक्का, किती वाजता. किंवा ‘उद्या नको’. तेव्हा आगाऊ भरलेले पैसे पुढच्या तारखेला वळते होतात. याआधी आम्ही ज्याच्याबरोबर गेलो होतो, त्याने भर पुराच्या पाण्यात दिवसभर फिरवलं आणि संध्याकाळी ‘फिशिंग आहे, नशिबाचा खेळ’ म्हणून पैसे घेतले.

हा एकटा माणूस. एक ड्रिफ्ट बोट, एक इंजिनाची बोट. ओरेगनमध्ये गाईडला मरीन बोर्डाकडे नोंदणी करावी लागते. ती कुणाचीही तपासून घ्या.

त्याचा खरा हंगाम हिवाळ्यातला, स्टीलहेडचा. डिसेंबर ते मार्च, विल्सन आणि नेस्टक्का. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन मोठा होऊन आलेला रेनबो ट्राउट. चिनूक, म्हणजे सॅमनची मोठी जात, अंडी घातल्यावर मरतो. स्टीलहेडमधले काही पुन्हा समुद्राकडे वळतात. मासे सगळ्यात कमी याच हंगामात मिळतात, आणि तरी एकाच ट्रिपचे पैसे खिशात असतील तर मी हीच घेईन, कारण गाईड काय करतो ते इथे दिसतं. ड्रिफ्ट बोट सपाट बुडाची, दोन्ही टोकं वर उचललेली. वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही उलट मारत होडी रोखून धरतो, म्हणून ती पाण्यापेक्षा हळू उतरते. पुढे बसलेल्या आम्हा दोघांना प्रत्येक खळग्यावरून गळ नीट सोडता येतो. तो मध्येच म्हणतो, ‘त्या काळ्या दगडाच्या मागे, तीन फूट डावीकडे.’ फ्लोट, म्हणजे गळाच्या दोरीवरचं तरंगतं बूच, तिथे पोहोचतो आणि बुडतो. दरवेळी नाही बुडत. पण मी मालवणात रापण ओढणाऱ्यांत वाढलेय, पाणी वाचणारा माणूस मला कळतो.

लागलेल्या माशाचा आधी पर बघायचा. शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर असतो, हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो सोडण्याआधी कापतात. पर शाबूत असला तर मासा जंगली, परत पाण्यात. आमचा गाईड असा मासा बोटीत घेतच नाही. जाळ्यात, पाण्यातच ठेवून गळ सोडवतो. फोटोसाठी उचलायचा हट्ट करणाऱ्या पाहुण्याशी त्याचं वाजलेलं मी पाहिलंय, आणि मला ते आवडलं. कधीकधी जंगली मासा पाण्याच्या नळीत जिवंत ठेवून हॅचरीच्या लोकांकडे देतात, पैदाशीसाठी. त्यातही त्याचा हात असतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर खाडीतला मोठा चिनूक. भरती-ओहोटी बघून हेरिंग लावून इंजिनाच्या बोटीने हळूहळू फिरायचं. मग पहिला जोराचा पाऊस झाला की मासे वर चढतात आणि आपण ट्रास्क-विल्सनवर, फ्लोटखाली गाबोळी लावून. आता तक्रार. मादी मिळाली की गाबोळी गाईडची, असा तिथला रिवाज. तो ती बोरॅक्स लावून मुरवतो, पुढच्या पाहुण्यांच्या गळासाठी. माझ्या डोळ्यांदेखत चिनूकची ताजी, टपोरी गाबोळी डब्यात बंद होते, आणि मी घरी तांदळाचं पीठ, हळद, तिखट तयार ठेवून आलेली! हल्ली निम्मी-निम्मी ठरलीय. डोकंही मागून घ्या, नाहीतर ते खेकड्यांच्या पिंजऱ्यात जातं. अर्धा तारा कापलाय तो या गाबोळीचा.

एप्रिल-मेमध्ये तो विलामेट नदीवर असतो, ओरेगन सिटीच्या धबधब्याखाली. वसंतातला चिनूक नदीत शिरतो आणि अंडी घालतो थेट शरदात. मधले महिने काही न खाता काढायचे, म्हणून अंगात चरबी भरून येतो. तव्यावर तेल जवळजवळ नकोच, रवा लावला की स्वतःच्याच तेलात होतो. रावसाच्या हिशेबाने भरपूर खोबरं घालून कालवण केलंत तर फार जड होईल. कोकम जास्त, खोबरं कमी. या नदीवर सी लायन (समुद्रसिंह) गळाला लागलेला मासा जाळ्याआधी पळवतात. धबधब्यापाशी त्यांना हटवायची केंद्राची परवानगी राज्याला २०१८ मध्ये मिळाली, तरी तुमचा मासा गेला तर गाईडला बोल लावू नका.

ऑगस्टमध्ये कोलंबियाच्या मुखाशी, अ‍ॅस्टोरियाजवळ बॉय १०, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या दहा नंबरच्या खुणेवरून नाव पडलेला पट्टा. मासे असतात, पण बोटींची गर्दी गणपतीच्या आदल्या दिवशीच्या दादरसारखी. मी पुन्हा जाणार नाही.

खर्च: दोघांचे मिळून सहाशे डॉलरच्या आसपास, वर टीप. लायसन्स आणि सॅमन-स्टीलहेडचा टॅग (पकडलेला मासा नोंदवायचा परवाना) आपला आपण काढायचा. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये निघतो, पण दरीत रेंज नसते, तेव्हा आदल्या रात्रीच सगळं उघडून बघा. आपण उतरतो वेगळ्याच धक्क्यावर, म्हणून गाडी खाली आणून ठेवणाऱ्या माणसाचे पैसे असतात. आमचा गाईड ते स्वतः देतो, सगळे देत नाहीत. बोटीत आसनाखाली गॅसचा हीटर आहे. शौचालय नाही. बायकांनी संकोच न करता सांगावं, तो वाळूवर बोट लावतो आणि पाठ करून चहा ओततो.

बोलका आहे. हायवे ६ च्या दोन्ही बाजूंचं जंगल १९३३ मध्ये जळालं, मग १९३९, १९४५, १९५१, दर सहा वर्षांनी पुन्हा. त्यानंतर हाताने रोपं लावून ते परत उभं केलं. हे सगळं तो सांगतो, आणि दरवेळी सांगतो. नवरा ऐकतो, मी फ्लोटवर डोळा ठेवते.

फेब्रुवारीच्या तारखा नोव्हेंबरमध्येच भरायला लागतात. त्या महिन्याचा शेवटचा आठवडा आमचा असतो, तेवढा सोडून कुठलाही घ्या.