स्टिकर १५० चा, बॅटरी भंगारातली

उन्हाळ्यात लाईट जायला लागली की इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचा टेम्पो दारात येतो. १५० ॲम्पिअर-अवर क्षमतेची 'नवी' ट्युब्युलर (नळीच्या प्लेटांची) बॅटरी, दुकानापेक्षा स्वस्त, जोडणी फुकट, जुनी ते घेऊन जाणार. पहिले काही दिवस पंखे चालतात. दीड-दोन महिन्यांत बॅकअप अर्ध्या-पाऊण तासावर येतो आणि चिठ्ठीवरचा फोन लागत नाही.

ही बॅटरी मुळात भंगारात आलेली. ती धुऊन, जुनं ॲसिड ओतून देऊन जास्त तीव्र ॲसिड भरलेलं असतं आणि वर नवा स्टिकर. चार्ज झाल्यावर मीटर १२.७ व्होल्ट दाखवतो, त्यावरच लोक विश्वास ठेवतात. पण व्होल्टेजवरून क्षमता कळत नाही. पॉझिटिव्ह प्लेटच्या नळ्या फाटून आतला माल तळाशी बसलेला असतो, निगेटिव्हवर सल्फेट घट्ट धरलेलं असतं. वजनातही ही लबाडी सापडत नाही, कारण झडलेला माल बहुतेक डब्यातच राहतो. वजनात सापडते ती दुसरी लबाडी: मोठ्या डब्यात १०० ची बॅटरी आणि वर १५० चा स्टिकर. ॲसिड भरलेली १५० ची उंच ट्युब्युलर साधारण ५० ते ६० किलो भरते. मॉडेलचं नेमकं वजन कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. त्याहून पाच-सात किलो कमी भरली तर घेऊच नका.

ॲसिडची तीव्रता मोजणारा हायड्रोमीटर शे-दोनशे रुपयांत मिळतो, तो घरात हवाच. पूर्ण चार्जनंतर बॅटरीच्या सहाही सेलमध्ये (कप्प्यांत) १.२४० च्या आसपास आकडा यायला हवा. एखादा सेल १.२०० च्या खाली असेल तर तो गेलेला समजा. सगळे सेल १.२८० दाखवत असतील तर खूश होऊ नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत इतकं तीव्र ॲसिड बहुधा बाहेरून ओतलेलं असतं आणि ते प्लेटा आणखी खातं. 'पाणी बदलून बॅटरी नवी करतो' म्हणणारा कारागीरही हेच करतो. भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची.

खरी परीक्षा लोडवर. १०० वॉटचे तीन पिवळे बल्ब लावा, बॅटरीतून साधारण ३० ॲम्पिअर जातात. चांगली १५० ची बॅटरी तीन तासांच्या आसपास टिकते. अगदी नवी सुरुवातीला थोडी कमी देते, पण अडीच तासांच्या आत इन्व्हर्टरची लो-बॅटरीची शिट्टी वाजली तर ती परत करा. ही चाचणी होईपर्यंत जुनी बॅटरी हातची सोडू नका. तिच्या शिशाला भंगारात चांगला भाव येतो, आणि विक्रेत्याला परत यायला लावणारी तेवढी एकच गोष्ट तुमच्याकडे असते.

डब्यावर कोरलेला अनुक्रमांक, बिलावरचा आणि वॉरंटी कार्डावरचा तिन्ही एकच हवेत, आणि तो क्रमांक कंपनीकडे स्वतः नोंदवा. 'कार्ड उद्या आणून देतो' म्हणणाऱ्याला पैसेही उद्याच द्या. कार्डावर ३६+२४ असं असेल तर फुकट बदली पहिले ३६ महिनेच. पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर फक्त सूट.

फसलाच असाल तर बिल, स्टिकरचे फोटो आणि लोड-चाचणीचा व्हिडिओ घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.