घरच्या आयएनआर मशीनचे आठ महिने

माझी मायट्रल झडप बदलून दीड वर्ष झालं. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यातच ती खराब झाली होती. आता तिथे कृत्रिम झडप आहे, आणि रात्री घर शांत झालं की तिची टिकटिक ऐकू येते. रक्ताच्या वाटेत परकी वस्तू आली की प्लेटलेट तिला चिकटतात, रक्तातली प्रथिनं त्यावर जाळं विणतात आणि गाठ धरते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. म्हणून अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि माझा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २.५ ते ३.५ मध्येच हवा.

आधी महिन्यातून एकदा नागपुरात धंतोलीतल्या लॅबमध्ये जाऊन शिरेतून रक्त द्यायची. ऑक्टोबरात बोटाच्या थेंबावर चालणारं मशीन घेतलं. हात कोमट पाण्यानं धुवून कोरडे करायचे, बोटाच्या कडेला टोचायचं आणि १५ सेकंदांच्या आत पहिलाच थेंब मशीनमधल्या पट्टीवर. बोट जोरात पिळायचं नाही, नाहीतर आकडा चुकतो. हे हातात बसायला मला तीन रविवार लागले.

डिसेंबरात जाऊबाईंनी सांबारवड्या केल्या (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर). नागपूरच्या थंडीत त्यांना नाही कोण म्हणणार? तीन दिवस खाल्ल्या. सांबारात व्हिटॅमिन के भरपूर, आणि आमची गोळी नेमकी त्याच्याच विरुद्ध काम करते. रविवारी आकडा १.९! डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस बदलून दिला, गुरुवारी २.७ आला. लॅबची पुढची तारीख अजून अठरा दिवसांवर होती. मशीन नसतं तर ते अठरा दिवस काही कळलंच नसतं, हे आठवलं की आजही छातीत धस्स होतं. सांबार मी सोडला नाही, फक्त दर आठवड्याला साधारण सारखाच खाते.

पण या मशीनला प्लेटलेट दिसत नाहीत, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. नोव्हेंबरात डेंग्यू झाला. मशीन ३.० दाखवत होतं, म्हणजे सगळं ठीक, आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त थांबेना. प्लेटलेट खूप खाली गेल्या होत्या. आयएनआर फक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा वेळ मोजतो. प्लेटलेटसाठी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणीच करावी लागते. अ‍ॅस्पिरिनचा परिणामही या आकड्यात उतरत नाही. भरती व्हावं लागलं, आणि कोणती गोळी कधी थांबवायची, कधी सुरू करायची हे डॉक्टरांनी रोजचा रिपोर्ट बघून ठरवलं. झडपवाल्यांनो, ताप आला तर आकडा चांगला आहे म्हणून घरी बसू नका.

मे महिन्यात पट्ट्यांचा डबा कुरिअरनं मागवला, तो दुपारभर फाटकाजवळ उन्हात पडून राहिला. डब्यावर २ ते ३० अंश लिहिलंय, आपल्याकडे पारा ४५ वर. पाच पट्ट्या लावल्या, पाचही वेळा एरर. विकणाऱ्यानं परत घेतल्या नाहीत. पट्ट्या महाग असतात, फार जीवावर आलं. आता सकाळी बर्डीवरून स्वतः आणते आणि फ्रीजच्या दारात ठेवते.

दर तीन महिन्यांनी त्याच दिवशी शिरेतलं रक्त देऊन ताळा करते. मागच्या वेळी मशीनचा २.८, लॅबचा २.६.