दहा मीटरच्या सरावाला स्प्रिंग रायफल की पीसीपी?

फोंड्याच्या एका पालकांचा हा प्रश्न आहे. दोन्ही एअर रायफली, ४.५ मिमी छऱ्याच्याच. स्प्रिंगच्या रायफलीत स्प्रिंग पिस्टन ढकलून हवा दाबते; पीसीपी (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक) टाकीत आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालते.

स्प्रिंगची स्वस्त पडते. नळी वाकवली, छर्रा घातला, झालं. पण छर्रा नळीत असतानाच पिस्टनचा धक्का मागे-पुढे बसतो. पकड जरा बदलली की ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, विस्कटतो, आणि नवशिक्याला आपलं चुकलं की रायफलीचं, तेच कळत नाही. ताणून ठेवली तर स्प्रिंग मरते, छर्रा न घालता झाडली तर पिस्टनचं सील फाटतं.

पीसीपीला धक्का जवळजवळ नाही. मात्र साधारण २०० बार दाबाची हवा भरायला पंप किंवा सिलिंडर वेगळा घ्यावा लागतो. गोव्याच्या पावसाळ्यात हातपंप दमट हवाच आत ढकलतो. टाकीत पाणी साचतं, गंज धरतो. सिलिका जेलचा फिल्टर लावाच. ओ-रिंगा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्याही, बदलाव्या लागतात.

अंगणात डबे पाडायला स्प्रिंग पुरे. मुलीला स्पर्धेत उतरवायचं असेल, तर थोडं थांबून पीसीपीच घ्या.