सर्टिफिकेट बसवून दिलं, किल्ली स्वतःकडेच ठेवली: माझे १,३२,५०० रुपये असे गेले

१,३२,५०० रुपये. पाच टप्प्यांत दिले, पाचही वेळा माझ्याच मोबाइलवरून, कुणी बळजबरी केली नाही. हे लिहायला तीन महिने लागले, कारण आमच्याकडे फसवणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, फसलेल्यालाच विचारतात, "तुले समजलं कसं नाही?" पण परवा एका पोराचा फोन आला. तोही शेतीपंपाचे कंट्रोलर बनवतो आणि मला फसवणाऱ्या कन्सल्टंटनेच त्यालाही, अपडेटला सुरक्षेचं कुलूप बसवून देतो म्हणून, तेच पॅकेज अगदी त्याच शब्दांत सांगितलंय. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो.

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात माझं छोटं वर्कशॉप आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे, वीस वर्षं स्टार्टर आणि मोटारी दुरुस्त केल्या, मग ठिबकचा कंट्रोलर स्वतः बनवला. आत लिनक्स चालणारा छोटा बोर्ड, सिमकार्ड, जमिनीतल्या ओलाव्याचे सेन्सर. थ्री फेज रात्री दोनला आली तरी शेतकऱ्याने उठून बांधावर जायची गरज नाही, बॉक्स स्वतः मोटार लावतो. एका शेतकरी गटाने ४६ बॉक्स घेतले, पण अट घातली की दूरवरून अपडेट पाठवाल तर ते सुरक्षित पाहिजे. अट योग्यच होती. वाटेल त्याने फाइल पाठवून ४६ विहिरींवरच्या मोटारी चालू-बंद केल्या तर जबाबदार कोण?

बोर्ड चालू होताना लिनक्सच्या आधी जो प्रोग्राम चालतो, त्या यू-बूटमध्ये याची चांगली सोय आहे. अपडेट कॅप्सूलमध्ये, म्हणजे एका बंद गाठोड्यात, बांधायचं, त्यावर प्रायव्हेट कीने, म्हणजे फक्त आपल्याकडे राहणाऱ्या गुप्त किल्लीने, सही करायची. बॉक्समधल्या यू-बूटच्या डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय काय आहे त्याच्या यादीत, 'सिग्नेचर' नावाचा नोड (कप्पा) असतो, त्यात 'कॅप्सूल-की' म्हणून आपलं सर्टिफिकेट ईएसएल (सह्यांच्या यादीच्या) फाइलच्या रूपात बसवायचं. कॅप्सूल आली की यू-बूट त्या सर्टिफिकेटशी सही ताडून बघतं, जुळली नाही तर अपडेट घेत नाही. बँकेत नमुना सही ठेवतात तसंच हे. सर्टिफिकेट म्हणजे बँकेतली नमुना सही, प्रायव्हेट की म्हणजे सही करणारा हात.

हे मला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. मी स्वतः तीन आठवडे यावर बसलो होतो. जुन्या कागदपत्रांत सर्टिफिकेटचा वेगळा तुकडा (ओव्हरले) करून तो डीटीबीत, म्हणजे डिव्हाइस ट्रीच्या तयार फाइलीत, घालायची रीत होती, नव्या यू-बूटमध्ये कॉन्फिगमध्ये फाइलचा पत्ता दिला की बिल्ड होतानाच ते आत जातं. मी नव्या सोर्सवर जुनी रीत लावत बसलो आणि दर वेळी कॅप्सूल नाकारली जायची. तिकडे गटाची तारीख जवळ येत होती. अशा वेळी पाहुण्यातल्या एकाने एका कन्सल्टंटचा नंबर दिला. तिशीतला पोरगा, बोलायला साखर, मोठ्या शहरात ऑफिस असल्याचं सांगायचा.

ॲडव्हान्स ४०,००० दिले. काम झाल्यावर ५५,०००. मग 'की सेरेमनी' म्हणून १८,५००. हा काय प्रकार आहे विचारलं तर म्हणाला, "काका, हे बँकांमध्ये करतात तेच स्टँडर्ड." की सेरेमनी ही खरी गोष्ट आहे, मोठ्या ठिकाणी साक्षीदारांसमोर किल्ली तयार करतात. आमच्या सेरेमनीत साक्षीदार कोण होते? तो आणि त्याचा लॅपटॉप. मी त्या वेळी दुसऱ्या गावी बोअरची मोटार काढत होतो.

आता तो क्षण सांगतो. रोज रात्री डोळ्यासमोर येतो.

ऑगस्टमध्ये तो वर्कशॉपला आला आणि पेनड्राइव्ह दिला. आत तीन फाइली: एक डीटीबी, एक सीआरटी (सर्टिफिकेट), एक ईएसएल. सोबत सहा पानांची छापील माहिती. चौथ्या पानावर कॅप्सूल बांधायची कमांड होती, तिच्यात स्पष्ट दोन गोष्टी लागतात, एक प्रायव्हेट की आणि एक सर्टिफिकेट. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही की फाइल कुठं आहे? पेनड्राइव्हमध्ये तर नाही." तो हसला. म्हणाला, "काका, ती आमच्या सुरक्षित सर्व्हरवर आहे. तुमच्याकडे लाइट जाते, कॉम्प्युटर एकच, पोरं त्यावर गेम खेळतात. इथं ठेवणं म्हणजे तिजोरीची चावी दारालाच लटकवणं झालं."

मी मान हलवली. मला राग यायला हवा होता, आली लाज. खेड्यातलं वर्कशॉप, पत्र्याचं छप्पर, ते बोलणं मला खरं वाटलं. त्या ओळीशेजारी मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते पान अजून माझ्याकडे आहे, प्रश्नचिन्हासकट.

इतकंच नाही. तो गेल्यावर मी सर्टिफिकेट उघडून पाहिलं होतं. नावाच्या जागी आमच्या वर्कशॉपचं नाव नव्हतं, नुसतं 'सीआरटी' लिहिलं होतं आणि मुदत ३६५ दिवस. यू-बूटच्या कागदपत्रात की आणि सर्टिफिकेट बनवायची नमुन्याची जी ओपनएसएसएल कमांड आहे तिच्यात नेमकं हेच नाव आणि हीच मुदत आहे. म्हणजे एका ओळीची कमांड जशीच्या तशी चालवून त्याने माझ्याकडून एवढे पैसे घेतले. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव दिसलं असतं तर मी तिथल्या तिथे तलाठ्याकडे धावलो असतो. इथे म्हटलं, असेल काहीतरी टेक्निकल.

४६ बॉक्स बसले. सप्टेंबरमध्ये पहिलं अपडेट निघालं, सहीसाठी त्याने ९,५०० मागितले. ऑक्टोबरमध्ये दुसरं, पुन्हा ९,५००. दिले. सुरक्षेच्या नावाखाली बॉक्समध्ये दूरून शिरायच्या बाकी सगळ्या वाटाही त्याने बंद केल्या होत्या, आणि यू-बूट, कर्नल, आमचा प्रोग्राम, सगळं त्याच एका कॅप्सूलमधून जायचं.

डिसेंबरात आमच्या प्रोग्राममधली एक चूक वर आली. ही चूक माझी, ती मी नाकारत नाही. सेन्सरची वायर उंदराने कुरतडली की रीडिंग शून्य यायचं, आणि बॉक्स समजायचा की जमीन कोरडी आहे. मोटार चालू. एरवी थोडं पाणी वाया गेलं असतं, पण डिसेंबर म्हणजे अंबिया बहाराचा ताण, फूल यावं म्हणून संत्र्याचं पाणी तोडायचे दिवस. ताणात झाडाला पाणी मिळालं तर फुलाऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, फुटते. एका बागेत दोन रात्री पाणी गेलं. बागवाले मामा सकाळी फोनवर म्हणाले, "भाऊ, मी तं ताण देल्ला होता. माह्या झाडाले पानी कोनं देल्लं?"

दुरुस्ती मी त्याच दिवशी दुपारपर्यंत केली, चार ओळींची होती. सहीसाठी त्याला पाठवली. उत्तर आलं की जुना करार संपला, आता प्रायव्हेट की कायमची 'ट्रान्सफर' करून घ्या, १,२०,००० रुपये. मी म्हटलं, लोकांच्या बागा जातील. त्याने मेसेज वाचला, निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आकडा.

अडकणं कसं असतं ते बघा. सर्टिफिकेट बदलायचं तर डिव्हाइस ट्री बदलावी लागते, ती जाते कॅप्सूलमधून, आणि कॅप्सूलवर सही लागते त्याच्याच किल्लीची. सर्टिफिकेटवरून प्रायव्हेट की बनवता येत नाही. ज्या मजबुतीसाठी मी पैसे मोजले, तीच माझ्या विरोधात उभी राहिली.

एकच गोष्ट वाचली. यू-बूट एसडी कार्डावर होतं आणि प्रोसेसरचे फ्यूज (चिपमधल्या एकदाच लिहिता येणाऱ्या जागा) जाळलेले नव्हते. त्याने फ्यूजसाठी वेगळे २२,००० सांगितले होते, तेव्हा माझ्याकडे नव्हते म्हणून राहिलं. एकदा फ्यूजमध्ये त्याच्या किल्लीचा ठसा बसला असता तर तो पुसता येत नाही, ४६ बोर्ड कायमचे त्याच्या हातात गेले असते. मी नवी की स्वतः बनवली, नवं सर्टिफिकेट घालून यू-बूट बिल्ड केलं, ३४० रुपयांप्रमाणे ४६ कार्डं घेतली, १५,६४० झाले, आणि भाच्याला मागे बसवून अकरा दिवस बागोबाग फिरून एकेक बॉक्स उघडला. तोवर सगळ्यांना फोन करून मोटारी हातावर घ्यायला लावल्या होत्या. लोक रात्री थंडीत उठले, ज्यासाठी माझा बॉक्स घेतला होता तेच पुन्हा करायला.

कुणाकडून असं काम करून घेत असाल तर की तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या हाताने तयार झाली पाहिजे. त्याला फक्त सर्टिफिकेट द्या, डिव्हाइस ट्रीत घालायला तेवढंच लागतं. यापेक्षा जास्त मागितलं की दार दाखवा.

आता पोलिसांचं. ठाण्यात पहिल्या दिवशी दोन तास बसवलं. मग विचारलं, "किल्ली चोरीला गेली म्हन्ता, मंग कुलूप कोनतं?" मी नमुना सहीचं उदाहरण देऊन समजावलं. साहेब म्हणाले, "पैसे तुम्ही सोताच देल्ले, काम बी त्यानं करून देल्लं. हा दिवाणी मामला हाय." जिल्ह्याच्या सायबर कक्षात गेलो तर म्हणाले ओटीपी नाही, खातं हॅक नाही, आमच्यात बसत नाही, आधी ठाण्यात जा. ठाण्यात गेलो, म्हणाले सायबरकडे जा. ५४ किलोमीटर जाणं-येणं, चार खेपा, चारही दिवस वर्कशॉप बंद. एका बाबूने तर माझ्यासमोर अर्ज उलटा धरून वाचल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ सांगतं की हक्काच्या माणसाला त्याच्याच संगणकात प्रवेश नाकारणं हा गैरप्रकार आहे, आणि ते लबाडीने केलं तर कलम ६६ खाली शिक्षा आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. हे मी, मोटारी दुरुस्त करणारा माणूस, त्यांना छापून नेऊन दाखवत होतो! कुणी कागद हातात घेतला नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा बसत नाही, पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार आहे हे सिद्ध करावं लागेल. पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसांचं पोट चालतं, अजून काय सिद्ध करायचं?

ठाण्याने तक्रार घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवा. मला हे कुणी सांगितलं नाही, मी शोधलं. मेसेज पुसू नका. फोनवर झालेलं बोलणं लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवा, 'आपलं असं ठरलं' म्हणून. मी ते केलं नाही, किल्लीबद्दलचं सगळं तोंडी राहिलं.

आणि काम ताब्यात घेताना तीन कॅप्सूल चालवून बघा: तुमच्या सहीची, भलत्याच किल्लीच्या सहीची आणि बिनसहीची. पहिलीच तेवढी आत गेली पाहिजे. बिनसहीची गेली तर कॅप्सूल ऑथेंटिकेशन, म्हणजे सही तपासणं, कॉन्फिगमध्ये चालूच केलेलं नाही. पहिली कॅप्सूल तुमच्याच हाताने, तुमच्याच टेबलावर सही होऊन गेली पाहिजे, "आम्ही करून पाठवतो" चालणार नाही. डीटीबीतून कॅप्सूल-की बाहेर काढून आपल्या ईएसएलशी बाइट-बाइट जुळवा, डीटीबी वाचायच्या एफडीटीगेट कमांडने पाच मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे ती पाच मिनिटं होती, ऑगस्टमध्ये, तो चहा पीत समोर बसला असताना.

नवी की आता दोन पेनड्राइव्हवर आहे, एक घरी, एक बहिणीकडे, नेटला न जोडलेली.

अधीक्षकांना पाठवलेल्या अर्जाची पोच ६ फेब्रुवारीची आहे, उत्तर नाही. मामांच्या त्या बागेत यंदा नवतीच नवती आहे, फूल नाही. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. मी स्वतः जाऊन ६०,००० कबूल केले, दोन हप्त्यांत, पहिले ३०,००० अक्षय्य तृतीयेला.