हातात धरायला कोणती लेन्स: निकॉन २००-५०० की ५०० पीएफ?

पहिली झूम, दुसरी एकाच ५०० मिमीची. दोन्हींचं अपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ ५.६, दोन्हींची पोहोच ५०० मिमी. फरक वजनाचा: २०१५ ची २००-५०० कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासकट) २३०० ग्रॅम, तर २०१८ ची ५०० पीएफ फक्त १४६० ग्रॅम. फेज फ्रेनेल (पीएफ) या खास पातळ काचेमुळे ती आखूडही झाली.

भिगवणला पक्षी टिपायला होडीतून जाताना ट्रायपॉडचा उपयोग नाही. होडी हलते, तोही हलतो. रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठेपर्यंत कॅमेरा डोळ्याला लावूनच बसावं लागतं. २००-५०० ची नळी ५०० वर पूर्ण बाहेर येते, भार पुढे सरकतो आणि डावं मनगट भरून येतं. मग नेमका थवा उठताना लेन्स खाली असते. पीएफचा तोल बॉडीजवळ राहतो. डावा तळवा खालून पुढे, कोपर बरगडीला टेकवलं की नदी सुरय पक्ष्यानं पाण्यात मारलेला सूर शेवटपर्यंत टिपता येतो.

ताडोब्यात मात्र मी २००-५०० झूमच नेईन. वाघ जिप्सीशेजारून गेला तर ५०० मध्ये त्याचा चेहराही मावत नाही, आणि तिथे भार जिप्सीच्या कडेवर ठेवलेल्या बीन बॅगवरच (दाण्यांनी भरलेल्या पिशवीवरच) असतो.

पीएफ दुपटीहून महाग आहे, शिवाय सूर्य समोर असला की चकाकीची कडी उमटू शकते. तरी पक्ष्यांमागे चालत हिंडणाऱ्यानं थोडं थांबून, पैसे साठवून तीच घ्यावी.

एक गोष्ट दोन्हींना लागू: पट्टा बॉडीला नको, कॉलरच्या पायाला लावा. एवढा भार माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते त्या जागी, लोंबकळू देऊ नका.