तेरवीची स्मरणपुस्तिका आणि भिंतीवरचा फोटो : तालुक्यातील एका छपाई दुकानाविषयी

बाबांच्या तेरवीला वाटण्यासाठी १६ पानांची स्मरणपुस्तिका आणि घरात लावण्यासाठी एक मोठा फोटो अशी दोन कामे आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, बाजार ओळीतील एका छपाईच्या दुकानाला दिली होती. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके आणि चौकात लागणारे श्रद्धांजलीचे फलक हा त्या दुकानाचा मुख्य धंदा असून पुस्तिकेचे काम तेथे क्वचितच येते. तरीही दोन्ही कामे तेरवीच्या आदल्या दिवशी हातात मिळाली. दुःखाच्या घरात धावपळ करणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिली अडचण फोटोची होती, कारण बाबांचा एकट्याचा असा फोटो घरात नव्हताच. बहिणींच्या लग्नाच्या अल्बममध्ये ते दिसत होते, पण बहुतेक ठिकाणी वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढताना आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून. बँकेच्या पासबुकावर एक फोटो होता, त्याच्या अर्ध्या भागावर शिक्का उमटलेला होता. दुकानदाराने अल्बममधील एका कोपऱ्यातून चेहरा उचलला आणि लगेच सुचवले, “भाऊ, कोट-टाय लावून देतो, सारेच लावतात.” आमच्या भागात कितीतरी घरांच्या भिंतींवर जन्मभर धोतर नेसलेली माणसे सुटाबुटात, मागे परदेशी धबधबा घेऊन बसलेली आढळतात, आणि नातवंडांना पुढे तेच खरे वाटू लागते. आम्ही पांढरा सदरा आणि खांद्यावरचा दुपट्टा तसाच ठेवायला सांगितले, आणि त्याने वाद न घालता ठेवला. चेहरा मात्र संगणकाने आपसूक गोरा केला होता. टोपीखाली झाकलेले कपाळ उजळ आणि त्याखालचा चेहरा उन्हाने रापलेला, ही बाबांची ओळख पुसली गेली होती. ती परत आणायला आणखी एक फेरी मारावी लागली. अशा फोटोसाठी काच घ्यावी, अॅक्रिलिक घेऊ नये, असे मला वाटते, कारण अॅक्रिलिक हलके असले तरी पुसताना त्यावर लवकर ओरखडे पडतात.

मजकुरासाठी दुकानात तयार नमुना असतो. त्यात ‘कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल’ ही विशेषणे आधीच टाइप केलेली असून फक्त नाव बदलायचे असते. बाबांच्या बाबतीत तिन्ही खरी असली, तरी तीच विशेषणे तालुक्यातील प्रत्येक फलकावर आहेत, म्हणून आम्ही मजकूर स्वतः लिहून दिला. १९७२ च्या दुष्काळात तरुणपणी रस्त्याच्या कामावर त्यांनी फोडलेली खडी त्यात आहे, आणि सारा कापूस सरकारच घेई त्या एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात संकलन केंद्रावर बंड्यांच्या रांगेत काढलेल्या रात्रीही आहेत. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर येईपर्यंत ते बंडीखाली कडब्यावर झोपत. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, झाला की सोसायटीचे कर्ज कापून जे उरे, त्यातून आधी बहिणींची फी निघे आणि स्वतःच्या चपलांचा विषय पुढच्या हंगामावर जाई. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरली, तेव्हा त्यांनी बैलजोडी विकली, पण नातीच्या नर्सिंगच्या फीची तारीख चुकू दिली नाही.

मजकूर १४ पानांत संपत होता. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पाने ४ च्या पटीतच घ्यावी लागतात, त्यामुळे २ पाने उरली आणि तेथे तयार आरत्या टाकण्याचा सल्ला मिळाला. त्याऐवजी आम्ही बाबांच्या हिशेबाच्या वहीची दोन पाने जशीच्या तशी छापायला दिली. सरकी, युरिया, डवरणीची मजुरी, आईचे औषध, परीक्षा फी अशा नोंदी एकाच पेन्सिलीने एकाखाली एक केलेल्या आहेत, आणि आईच्या औषधाचा आकडा प्रत्येक वेळी खोडून पुन्हा लिहिलेला आहे, कारण दुकानातून आल्यावर ते खरी किंमत टाकत. पेन्सिल फिकी झाली होती. दुकानदाराने ती पाने पुन्हा पुन्हा स्कॅन करून अक्षर उठवले आणि त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. संपूर्ण कामात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

तक्रारीची जागाही आहे. मोबाइलवर लिहिलेला मजकूर दुकानातील जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरे मोडतात, आणि ‘पऱ्हाटी’चे ‘पर्हाटी’ झालेले दुसऱ्या प्रुफातही, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेल्या प्रतीतही, तसेच होते. कापूस पिकवणाऱ्या माणसाच्या पुस्तिकेत ते कसे खपवून घ्यावे? म्हणून प्रुफ मोबाइलवर न पाहता कागदावर मागावे आणि घरातील दोघांनी वेगवेगळे वाचावे. मुखपृष्ठावरील लॅमिनेशनही काही प्रतींच्या कोपऱ्यावर सुटले आहे.

१५० प्रतींसाठी प्रत्येकी ३२ रुपये पडले. इतक्या कमी प्रतींना ऑफसेट छपाईसाठी आधी बनवाव्या लागणाऱ्या प्लेटचा खर्च परवडत नाही, त्यामुळे डिजिटल छपाईच घ्यावी लागते, आणि त्या मानाने दर मला वाजवी वाटला. उरलेली रक्कम देण्यापूर्वी पुस्तिकेची फाइल मात्र मागून घ्यावी, कारण दुकानातील संगणकावर जुनी कामे फार दिवस ठेवली जात नाहीत. तेरवीला आलेल्या पाहुण्यांनी प्रती नेल्या आणि आता मामांच्या गावाहून आणखी मागणी आली आहे. वर्षश्राद्धाच्या वेळी पुन्हा छापू तेव्हा वहीची आणखी २ पाने घ्यावीत, असे आईचे म्हणणे आहे. पाने ४ च्या पटीत बसवण्यासाठी आणखी २ कोणती घ्यायची, हे ती सध्या वही चाळून ठरवत आहे.